योग्य तो सल्ला घ्यावा

उतारवयात माझे दोन-तीन सत्कार झाले. शाल, नारळ, आणि एक सूत्रसंचालक, जो दर वेळी तेच वाक्य म्हणतो: “ज्या विषयांवर बोलायला समाज लाजत होता, त्या विषयांना यांनी वाचा फोडली.” टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, काय विनय आहे बघा! विनय कसला डोंबलाचा. मी खाली बघतो कारण वर बघितलं तर हसू येईल, आणि एकदा हसू आलं की पुढचं सगळं सांगावं लागेल. आज सांगून टाकतो.

मी पनवेलचा. सन चाळीसच्या आगेमागे तिथल्या शाळेत होतो. वडील कोर्टात कारकून. गावात न बोलण्याची एक पक्की पद्धत होती. कुणाला क्षय झाला की त्याची “प्रकृती जरा नाजूक” असायची. कुणाचा मुलगा पिऊन गटारात पडला की त्याला “घेरी” आलेली असायची. एखादी मुलगी घरातून दिसेनाशी झाली की ती “मामाकडे” गेलेली असायची. अर्ध्या पनवेलचे मामा कुठे राहत होते देव जाणे, पण त्यांच्या घरी गर्दी फार असावी. माझी सख्खी आत्या तिसऱ्या बाळंतपणात गेली. आम्हा मुलांना सांगितलं, पडून गेली. कुठून पडली, हे विचारायची सोय नव्हती. मी बरेच दिवस आमच्या जिन्याला घाबरत होतो.

अशा गावातून मी मुंबईला गेलो आणि सरकारी माहितीपट काढणाऱ्या एका खात्यात चिकटलो. आधी तिवई वाहिली, मग कॅमेरा हातात आला, मग दिग्दर्शक झालो. ‘नाजूक विषयांचा माणूस’ अशी माझी ख्याती झाली ती काही गुणांवर नाही. बाकीच्यांना धरणं हवी होती. धरणावर मंत्री येतात, पुलावर हार पडतात. क्षय, दारू, महारोग यांच्याकडे कोण फिरकणार? वाटणीत उरलं ते माझ्या पानात पडलं. मी मात्र चार वर्षांत असा काही भाव खायला लागलो की जणू हे विषय मीच हट्टाने मागून घेतले होते. पनवेलला आलो की आळीतली माणसं विचारायची, “सध्या कशावर चाललंय?” मी सांगितलं की ती घाईघाईने पावसापाण्याचं विचारायची. आई तर शेजारी सांगायची, “तो पुलांचे सिनेमे काढतो.”

आमच्या सिनेमात माणसं ओठ हलवायची, पण बोलायची नाहीत. कॅमेरा मुका. बोलणं नंतर मुंबईत चढवायचं, आणि त्यासाठी एक ठरलेले गृहस्थ होते. आवाज असा की ऐकावं तेव्हा वाटे, हे आत्ताच साजूक तुपातला शिरा खाऊन उठलेत. क्षयाने खंगलेला गिरणीवाला पडद्यावर खोकायचा आणि हे वरून तुपाळ आवाजात सांगायचे, “परंतु निराश होण्याचे कारण नाही.” ज्याचं दुःख, त्याचा आवाज कुणाला नकोच होता. मलाही नको होता, खोटं कशाला बोलू? आवाजाचं यंत्र जड असायचं आणि खेड्यातली माणसं भलतंच काहीतरी बोलायची.

साठ सालाच्या आसपास कुटुंबनियोजनाचा विषय आला. अर्थात माझ्याकडे. मी खूश होतो. एका भल्या डॉक्टरांबरोबर बसून मी पटकथा लिहिली, आणि तिच्यात एक अख्खं पान असं होतं की ज्यात सगळं सरळ सांगितलं होतं. पुरुषाला काय करून घेता येतं, बाईला काय, तोवर काय वापरायचं, ते कुठे मिळतं. आजही मला त्या पानाचा अभिमान आहे. त्यानंतर माझ्या हातून अभिमान वाटावं असं काही झालं नाही, एवढंच.

सिनेमात एक लहान कुटुंब हवं होतं आणि एक मोठं. लहान कुटुंब मुंबईतच मिळालं. नवरा-बायको एकमेकांचे कुणी लागत नव्हते आणि मुलं शेजाऱ्यांची होती. मोठं कुटुंब मात्र खरं हवं, असा खात्याच्या साहेबांचा आग्रह. मी म्हटलं, आमच्या तालुक्यात चला. खाडीकाठच्या एका आगरी गावातलं मिठागरावर राबणारं घर तलाठ्याने दाखवलं. नवरा, बायको, आठ मुलं. थोरली मुलगी लग्नाला आलेली, धाकटं रांगणारं. कशासाठी फोटो काढणार, हे त्यांना कुणी धड सांगितलं नव्हतं. तलाठी म्हणाला होता, “सरकारला तुमचं कुटुंब दाखवायचं आहे.” म्हणजे काय झालं, तर आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा ती सगळी दारात उभी! बाईने लग्नातलं लुगडं नेसलेलं, नाकात नथ, मुलांच्या केसांना तेल, बापाच्या डोक्याला नवी टोपी. भरलं घर म्हणून सरकार मान देतंय, असाच त्यांचा समज. का नसावा? त्यांच्या गावात आठ जगलेल्या मुलांच्या आईला मानच होता.

आणि आम्हाला हवं होतं वाईट उदाहरण! मी काय केलं, तर गोड बोलून त्यांना ते कपडे उतरवायला लावले. “रोजच्यासारखे दिसा,” म्हणालो. रोजच्यासारखे म्हणजे फाटके, हे त्यांना समजायला वेळ लागला. मग मिठागराच्या बांधावर मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं. मागे पांढऱ्या मिठाचे ढीग. चित्र झकास होतं. बाई म्हणाली, “दादा, फोटो काढा, पन मोजू नका हां पोरांना.” घरातली मुलं मोजायची नाहीत, दृष्ट लागते, हे आमच्याकडेही पाळत. मी म्हटलं, “छे छे, मोजतंय कोण?” शब्द दिला.

दुपारी माझा माणूस रीळ बदलत होता आणि नवरा मिठाकडे गेला होता, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी, पण डोळे सरळ माझ्याकडे. म्हणाली, “दादा, तलाठी आत्ता सांगत व्हता, हा सिनेमा पोरं थांबवायचा हाय. खरं काय?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग मला सांगा ना. धाकट्याच्या येळेला मी गेलीच व्हती. सुईण बोलली, पुढचं राहिलं तर मी हात लावनार नाय, तू जगनार नाय.”

संबंध तालुक्यात मला असा प्रश्न विचारणारी ती पहिली. आणि मी कोण? त्याच विषयावर सिनेमा काढायला आलेला, ते पान पाठ असलेला, विवाहित, चार मुलांचा बाप. माझे कान तापले. पनवेलच्या आळीतल्या मुलाने परक्या बाईशी हे बोलायचं? पदर घेतलेल्या, समोर उभ्या बाईशी? मी पायाने माती उकरत म्हणालो, “सिनेमा येईल ना, त्यात सगळं असेल. पनवेलला दाखवतील. तुम्ही याच.” ती म्हणाली, “येईन. सिनेमा येईपर्यंत सांभाळते.” शहाणा मी! जीपमध्ये बसलो तेव्हा प्रसंग निभावला म्हणून मला बरं वाटलं होतं.

मुंबईत सिनेमा एका समितीपुढे गेला. पाच गृहस्थ आणि एक बाई. बाईंना बोलायची संधी मिळाली नाही, चहा मात्र त्यांनीच ओतला. पहिल्या बैठकीत ‘गर्भधारणा’ खोडून ‘मातृत्वाची जबाबदारी’ झालं. दुसऱ्या बैठकीत ‘शस्त्रक्रिया’ खोडून ‘उपाय’. तिसऱ्या बैठकीला कुणाला तरी ‘उपाय’ही उघडावाघडा वाटला. एक सद्गृहस्थ म्हणाले, “पडदा सार्वजनिक असतो हो. आया-बहिणी बघणार.” अहो महाराज, आया-बहिणींसाठीच तर काढला होता! हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, “बरोबर आहे साहेब.” शेवटी ते अख्खं पान गेलं आणि त्याच्या जागी एकच वाक्य आलं: “याबाबत योग्य तो सल्ला घ्यावा.” वर साहेबांच्या बंगल्यातल्या मोगऱ्याच्या कळ्या दाखवायच्या, असं ठरलं. मी जाऊन त्या कळ्या टिपून आलो. फार सुरेख आल्या.

पान गेल्यामुळे सिनेमा तोकडा पडला. कुणीतरी सुचवलं, थोडा विनोद घाला, लोकांना आवडतो. मग बांधावरच्या त्या ओळीवर कॅमेरा सरकतो तिथे ढोलकी घातली आणि शिरा खाल्लेल्या गृहस्थांनी मोजलं. “एक… दोन… तीन…” प्रत्येक आकड्याला ढोलकीची थाप. आठव्याला दोन थापा. समितीतले सगळे खो खो हसले. मीही हसलो. दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण शब्द दिला होता ना? तो गिळायला मला एक घोट पाणीसुद्धा लागलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी सत्कारात कुणी सांगत नाही. ते खोडलेलं पान मी फेकलं नाही. माझ्या पिशवीतून घरी नेलं. दार लावून ते बायकोला वाचून दाखवलं, आणि त्याप्रमाणे आम्ही वागलो. आमच्या घरी पाचवं मूल झालं नाही. त्या एका पानाचा उभ्या देशात एकाच कुटुंबाला उपयोग झाला, आणि ते कुटुंब माझं.

हे सगळं व्हायला चौदा महिने लागले. चौदा महिने त्या बाईने काय आणि कसं सांभाळलं असेल, याचा विचार मी केला नाही. नवरा समजूतदार होता की नव्हता, तेही मला माहीत नव्हतं.

पनवेलला खेळ ठेवला तो भर दिवसा, एका शाळेच्या हॉलमध्ये, कारण गावोगावच्या बायकांना परतायला एसटी मिळायला हवी होती. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. आत भट्टी. पुढे खुर्च्यांवर प्रतिष्ठित मंडळी, उजवीकडे सतरंजीवर पुरुष, डावीकडे बायका. अध्यक्ष गावातले एक भातगिरणीवाले, स्वतः सात मुलांचे बाप. त्यांनी लहान कुटुंबाचं महत्त्व वीस मिनिटं सांगितलं. आळीतले दोन-तीन काका मला बघून असे चुळबुळत होते की जणू मी त्यांचं धोतर फेडायला आलो आहे.

ती आली होती. आपल्या गावच्या पाच-सहा बायका घेऊन चालत आली होती. लग्नातलं लुगडं नेसून आली होती. आणि पदराखालून दिसत होतं ते मला दिसलं. सहावा महिना असेल. मी सिनेमा दाखवायच्या मशीनच्या मागे जाऊन उभा राहिलो.

सिनेमा सुरू झाला. ओळ आली, ढोलकी वाजली. “एक… दोन…” हॉल हसायला लागला. चौथ्या-पाचव्याला पुरुष आवाजाबरोबर मोठ्याने मोजायला लागले. आठव्याला शिट्ट्या. मग मोगरा उमलला, आणि तो तुपाळ आवाज म्हणाला, “याबाबत योग्य तो सल्ला घ्यावा.” संपलं. कुणीतरी ताडपत्र्या सोडल्या. उजेड भसकन आत आला.

अध्यक्ष रीतीप्रमाणे म्हणाले, “कुणाला काही शंका?” आणि रीतीप्रमाणे खाली बसायला वाकले. डावीकडून ती उठली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तिने शिव्या घातल्या नाहीत. म्हणाली, “माज्या पोरांना हसलात, हसा. पन काय करायचं ते सांगलंच नाय.”

अध्यक्ष म्हणाले, “बाई, सांगितलं ना. योग्य तो सल्ला घ्यावा.”

“कोनाचा?”

“योग्य त्या माणसाचा.”

पुरुषांत परत हशा. ती हसण्याकडे वळली नाही. तिने हॉलभर नजर फिरवली, मागे मशीनपाशी मी दिसलो. “दादा,” ती म्हणाली, “तुमी बोललात, सिनेमात सगळं असेल. मी वाट बघितली. आता हे पोटात हाय त्याचं जे व्हायचं ते होईल. पन या बायांना तरी सांगा. त्या चालत आल्यात.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पान मला पाठ होतं. समिती मुंबईत होती, शिरावाले मुंबईत होते, मला अडवणारं तिथे कुणी नव्हतं. फक्त आळीतले काका होते, अध्यक्ष होते, आणि वडिलांच्या ओळखीचे चार वकील. मी मशीनवर वाकलो आणि एक स्क्रू घट्ट करायला लागलो. तो आधीच घट्ट होता. अध्यक्ष म्हणाले, “बसा बाई, बसा. पुढचं रीळ लावा हो.” मी लावलं. जपानी पद्धतीची भातलावणी. त्या बायका अर्ध्यात उठून गेल्या. एसटी गाठायची असेल, असं अध्यक्ष म्हणाले.

खेळानंतर एक छापील फॉर्म भरायचा असे. प्रेक्षकांचा प्रतिसाद: मी लिहिलं, उत्तम. प्रेक्षकांच्या शंका: मी लिहिलं, काही नाहीत. त्या फॉर्मवर खूश होऊन खात्याने सिनेमा आणखी कितीतरी भाषांत काढला. आठपर्यंतचे आकडे प्रत्येक भाषेत ढोलकीवर म्हटले गेले. मला बढती मिळाली.

तीन-चार महिन्यांनी आईला भेटायला पनवेलला आलो तर एसटी स्टँडवर तो तलाठी भेटला. पान चघळत म्हणाला, “तुमची ती सिनेमावाली गेली हो. बाळंतपणात. पोर जगलं.” आणि त्याच दमात म्हणाला, “आपट्याला जायची गाडी लागली का बघता?” मी बघितलं. लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. का गेलो, ते मला विचारू नका. धीर द्यायला गेलो म्हणावं तर माझ्याकडे तो कधीच नव्हता. एसटीतून उतरून बांधाबांधाने चालत गेलो. ओटीवर थोरली मुलगी बसली होती. मधल्या काळात तिचं लग्न होऊन ती करंजाला सासरी गेली होती, तिला स्वतःला मूल झालं होतं, आणि आता आईचं घर सांभाळायला परत आली होती. मांडीवर दोन बाळं. एक तिचं, एक तिच्या आईचं. दोघांना तीच पाजत होती. मला बघून तिने पदर ओढला, पण उठली नाही. ओळखलं मला.

“बा मिठावर गेलाय,” ती म्हणाली. मी म्हटलं, असू दे. पाणी देऊ का म्हणाली, मी नको म्हटलं. मग म्हणाली, “पनवेलला आयने विचारलं, तवा तुमी व्हता ना तिथं?”

“होतो.”

“तुमाला ठावं व्हतं?”

मी इकडेतिकडे बघितलं. कसला तरी स्क्रू शोधत असेन. “हो,” म्हटलं. “ठाऊक होतं.”

ती रडेल असं वाटलं, ओरडेल असं वाटलं. माझी तयारी दोन्हीची होती, खरं तर मला दोन्ही हवं होतं, म्हणजे मी जरा हलका होऊन परत गेलो असतो. तिने तसं काही केलं नाही. एक बाळ खांद्यावर घेतलं, दुसरं सावरलं.

“मग आता मला सांगा,” ती म्हणाली.

मी सांगितलं. पनवेलच्या कुठल्या दवाखान्यात जायचं, कोणत्या वारी, तिथे कुणाला विचारायचं, नवऱ्याला काय करून घेता येतं, तिला स्वतःला काय, तोवर काय वापरायचं. तिला समजतील त्या शब्दांत सांगितलं. तिने एकदा सगळं माझ्यापुढे म्हणून दाखवलं, वार चुकला तो मी सुधारला. मग ती म्हणाली, “बरं,” आणि बाळाची पाठ थोपटायला लागली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.